बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधून माईक प्रीअँप: कामाच्या नोंदी

८ जून

मशीन आज बेळगावात पोचलं. खानापूरकडच्या एका रिटायर्ड मास्तरांचा टेपरेकॉर्डर, साठच्या दशकातला, युरोपियन, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा), मोनो, हाफ ट्रॅक, स्पीड तीन (सेकंदाला १९, ९.५ आणि ४.७५ सेंमी), पुढे हिरवा मॅजिक आय (आवाजाची लेव्हल दाखवणारी चमकती नळी). कंपनीच्या नावाची पट्टी कधीच गळून गेलीय. यातून आमच्या मंडळाच्या भजनांच्या रेकॉर्डिंगसाठी माईक प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा अँप) करायचा विचार आहे. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत, एवढंच म्हणाले की वाया घालवू नकोस.

मशीनबरोबर टेपांचा एक पत्र्याचा डबा पण आलाय. त्यात काही स्पूल धारवाड आकाशवाणीवरून उतरवून घेतलेले आहेत (ते केंद्र १९५० पासूनचं, आमच्या भागात घरोघरी लागायचं) आणि दोन-तीन घरातल्या माणसांच्या आवाजाचे. हे स्पूल आधी चालू मशीन असलेल्या माणसाकडे जाणार आणि मगच मी पाना हातात घेणार; कॉम्प्युटरवर उतरले की ते मास्तरांकडे परत जाणार. हे मी मुद्दाम पहिल्या नोंदीत लिहितोय कारण लोक मशीन घेतात, उघडतात आणि डबा रद्दीत जातो. मशीनसारखं दुसरं मशीन मिळतं, त्या टेपवरचा आवाज परत मिळत नाही.

१० जून

मेकॅनिझम बघितला. रबराच्या आयडलर चाकांचा चिकट डांबरासारखा लगदा झालाय, प्रेशर रोलर टणक, मोटरचं बेअरिंग जाम, आणि प्ले हेडवर टेपनं घासून घासून खोल खाच पडलीय. हे चालू करायचं म्हटलं तर निम्मं मशीन नव्यानं बनवावं लागेल. म्हणून निर्णय पक्का, इलेक्ट्रॉनिक्स काढून माईक प्रीअँप करायचा. चालू मशीन असतं तर मी हात लावला नसता, हे स्पष्ट सांगतो. अमेरिकेत अँपेक्स ३५१ सारख्या मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सचे लोकांनी भरपूर प्रीअँप केलेत, ते ऐकायला सुंदर आहेत, खरं त्यापायी चांगली चालणारी मशीनं पण मोडली गेली असणार हे मनाला टोचतं. मोटर, फ्लायव्हील, रेकॉर्ड हेड सगळं तेल लावून पिशवीत भरून ठेवलंय, कुणाला तेच मॉडेल दुरुस्त करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा करंट देताना सरळ प्लगमध्ये घातलं नाही. सिरीज बोर्डवर ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावून दिला. बल्ब एकदम भडकून पेटला, मग मंद झाला आणि मंदच राहिला, म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर शॉर्ट नाही. तेवढंच बघायचं होतं, लगेच बंद केलं.

आणि हे नव्यानं करणाऱ्यांसाठी: आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो बसून राहतो. १० के ५ वॉटचा रेझिस्टर क्रोकोडाईल क्लिपला लावून आधी डिस्चार्ज करायचं, मग मीटरनं बघायचं, शून्याजवळ आल्याशिवाय बोट घालायचं नाही, आणि चालू असताना मोजायचं तर एक हात खिशात. यात घाई नको.

१४ जून

सगळा दिवस सर्किट कागदावर उतरवण्यात गेला. व्हॉल्व्ह असे: पहिला ईएफ८६, मग ईसीसी८३ (एका काचेत दोन व्हॉल्व्ह, दोन्ही अर्धे वापरलेत), मग ईएल८४, जो प्ले करताना स्पीकर चालवतो आणि रेकॉर्ड करताना बायस ऑसिलेटर होतो, आणि ईएम८४ मॅजिक आय. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) सेलेनियमचा. ईएल८४ वर बीईएलचा छाप आहे, म्हणजे मधे कधीतरी इथं कुणीतरी बदललेला. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९५४ ची कंपनी, एके काळी आपल्याकडच्या रेडिओंचे व्हॉल्व्ह तिथंच बनायचे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. बऱ्याच जणांना वाटतं की टेप मशीनचा अँप आहे, माईक जोडला की झाला प्रीअँप. तसं होत नाही. टेपवरून हेड जो सिग्नल उचलतो तो फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की दुप्पट होतो, म्हणजे ऑक्टेव्हला ६ डीबीनं चढत जातो, कारण हेड मॅग्नेटिझम किती आहे ते मोजत नाही, तो किती वेगानं बदलतोय ते मोजतं. म्हणून प्ले करणाऱ्या अँपमध्ये बरोबर उलटा उतार बसवलेला असतो. नॅब (अमेरिकेतल्या प्रक्षेपकांची संघटना) स्टँडर्डमध्ये १९ सेंमीला हा उतार ३१८० मायक्रोसेकंद आणि ५० मायक्रोसेकंद या दोन टाइम कॉन्स्टंटच्या मधे असतो, फ्रिक्वेन्सीत सांगायचं तर ५० हर्ट्झपासून साधारण ३१८० हर्ट्झपर्यंत. युरोपियन स्टँडर्डमध्ये त्याच स्पीडला वरचा आकडा ७० मायक्रोसेकंद, म्हणजे २२७० हर्ट्झच्या आसपास. नॅबचे दोन आकडे भागून बघा, जवळजवळ ६४ पट, म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकात ३६ डीबीचा फरक. असल्या अँपला माईक लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून बघायचं. पखवाजाचा बाया सगळं गिळून टाकेल आणि टाळ ऐकूच येणार नाही.

रेकॉर्डच्या बाजूला उलटी गोष्ट. तिथं वरच्या फ्रिक्वेन्सी चढवलेल्या असतात, कारण टेपवर जाताना ट्रेबल मरतो. माझ्या मशीनमध्ये त्यासाठी ईसीसी८३ च्या कॅथोडमध्ये (व्हॉल्व्हमधलं करंट सोडणारं टोक) एक छोटी कॉईल आणि कपॅसिटर आहे, स्पीडच्या स्विचबरोबर बदलणारा.

म्हणजे करायचं काय, तर व्हॉल्व्ह, सॉकेट, मेन ट्रान्सफॉर्मर आणि मॅजिक आय ठेवायचे, आणि टेपसाठी म्हणून जे जे वाकवलंय ते सगळं सरळ करायचं. माझं मत असं की या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा जो गोडवा लोक सांगतात त्यातला मोठा भाग व्हॉल्व्हच्या जादूचा नाही, सर्किट साधं आहे, टप्पे कमी आहेत आणि ट्रान्सफॉर्मर आहेत, त्याचा तो गुण आहे. ते तीन जपले तर बाकी बदललं तरी आवाज जात नाही.

१५ जून

शहापूरच्या अण्णांकडे गेलो. अण्णांनी उभा जन्म रेडिओ दुरुस्तीत घातलाय, दुकान आता नातू बघतो, मोबाईलचं, खरं मागच्या खोलीत अण्णांचे व्हॉल्व्हचे खण तसेच आहेत.

"अण्णा, हे सेलेनियम ठेवू काय?"

"ठेवून पूजा करणार काय त्याची? काढ. जळालं तर घरभर घाण वास सुटतो, आणि तो धूर विषारी असतोय. चार डायोड घाल."

"डायोड घातले की व्होल्टेज चढणार की अण्णा."

"चढणारच. सेलेनियम स्वतः थोडं खातंय, डायोड काही खात नाही. मग पुढं रेझिस्टर घाल. आणि मेणाचे कंडेन्सर सगळे काढ रे, एक पण ठेवू नको, चांगला दिसला तरी ठेवू नको."

मेणाच्या कागदी कपॅसिटरचं अण्णांचं म्हणणं घरी येऊन मोजून बघितलं. हे कपॅसिटर आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा (जिथून सिग्नल बाहेर निघतो) डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडतात. ईसीसी८३ च्या ग्रिडवर (जिथं सिग्नल आत जातो) शून्य व्होल्ट असायला पाहिजे होता, तिथं दोनच्या वर मिळाला, म्हणजे कपॅसिटर गळतोय आणि पुढचा व्हॉल्व्ह विनाकारण जास्त करंट ओढतोय. सगळ्या जागी ६३० व्होल्टचे पॉलीप्रॉपिलीन घातले.

येताना अण्णांनी दोन ईसीसी८२ खणातून काढून दिले. ते कशाला ते पुढच्या नोंदीत.

२१ जून

आज बायस ऑसिलेटर आणि ईएल८४ निघाले. बायस म्हणजे टेपवर आवाजाबरोबर मिसळलेला, कानाला ऐकू न येणारा हाय फ्रिक्वेन्सी सिग्नल, बहुतेक मशीनमध्ये ५० ते १०० किलोहर्ट्झच्या दरम्यान. १९४० मध्ये जर्मनीत वाल्टर वेबर आणि फॉन ब्राउनम्युल यांना हे सापडलं आणि तिथून टेपचा आवाज खऱ्या अर्थानं सुधारला, त्याआधीच्या टेपवर खरखर फार. टेपसाठी तो जीव की प्राण, माईक प्रीअँपमध्ये त्याचं काही काम नाही. कॉईल, एरेज हेडची वायर, सगळा रेकॉर्ड-प्ले स्विच, सगळं बाहेर. तो लांब स्लायडिंग स्विच काढल्यावर आतली निम्मी शिल्डेड वायर आपोआप गेली.

ईएल८४ च्या भोकात ईसीसी८२ बसवला. दोन्ही नऊ पिनचे नोव्हल बेसचे, त्यामुळे पत्रा कापावा लागला नाही, खरं पिनांची जोडणी वेगळी, नुसता उपसून दुसरा घुसवून चालत नाही. ईएल८४ चा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) पिन ४ आणि ५ मध्ये, ईसीसी८२ ला ६.३ व्होल्टवर चालवायचं तर ४ आणि ५ एकत्र एका बाजूला आणि ९ दुसऱ्या बाजूला. दोन्ही अर्धे पॅरलल करून कॅथोड फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता जास्त करंट देणारा टप्पा) केलाय. ईसीसी८३ नं आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओढवत नाही, तो मिलीअँपभर करंटवर चालतो आणि बाहेरचा इंपिडन्स (करंटला होणारा अडथळा) खूप असतो. दोन अर्धे मिळून ईसीसी८२ चा आउटपुट इंपिडन्स अडीचशे ओमच्या जवळ येतो, पुढे ४.७ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून १० के ला ६०० ओमचा ट्रान्सफॉर्मर. कपॅसिटर यासाठी की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत डीसी जाता कामा नये.

आता पॉवर सप्लायची गंमत बघा. ईएल८४ एकटा जवळजवळ ५० मिलीअँप ओढत होता. तो गेला, ऑसिलेटर गेला, आता सगळे मिळून १० मिलीअँपच्या आसपास. त्यात सेलेनियमच्या जागी १एन४००७ चे चार डायोड. वाइंडिंग २५० व्होल्ट एसीचं, म्हणजे पीक ३५३. ३५० व्होल्टचा जुना कॅन कपॅसिटर तसाच ठेवला असता तर फुटलाच असता, विशेषतः चालू केल्यावर पहिली काही सेकंद, जेव्हा व्हॉल्व्ह अजून गरम झालेले नसतात आणि कुणीच करंट ओढत नाही. सगळे ४५० व्होल्टचे घेतले, ४७ मायक्रोफॅरडचे तीन, मधे ३.९ के ३ वॉटचे दोन रेझिस्टर. शेवटच्या कपॅसिटरवर २६० व्होल्ट मिळाला. आणि यात फायदाच आहे: १०० हर्ट्झला ४७ मायक्रोफॅरड म्हणजे ३४ ओम, ३.९ के पुढे ३४, म्हणजे प्रत्येक पायरीला ४० डीबीच्या वर गुणगुण कमी. मूळ मशीनला एवढं फिल्टरिंग परवडत नव्हतं कारण ५० मिलीअँपवर एवढा रेझिस्टर घालता येत नाही.

व्होल्टेज सिलेक्टर २२० वरून २४० वर केला. आपल्याकडे २३० म्हणतात, रात्री अडीचशेपर्यंत पण जातो. २२० वर ठेवला तर हीटरला ६.३ ऐवजी ६.६ व्होल्ट आणि रात्री ७ व्होल्टच्या वर मिळतो, व्हॉल्व्हचं आयुष्य खातो. २४० वर ६.० ते ६.५ मध्ये राहतो, चालतं.

२८ जून

ईएफ८६ पेंटोड (पाच टोकांचा) ठेवायचा की ट्रायोड (तीन टोकांचा) करायचा यावर बराच विचार केला. हा व्हॉल्व्ह मुळात कमी नॉईजसाठी, टेपरेकॉर्डर आणि माईकच्या पहिल्या टप्प्यासाठीच काढलेला. पेंटोड म्हणून गेन शंभराच्या वर जातो. खरं माझ्याकडे पुढे माईक ट्रान्सफॉर्मर येणार आहे जो आधीच दहा पट देतो, म्हणून एवढ्या गेनची गरज नाही, आणि पेंटोडमध्ये करंट स्क्रीन आणि प्लेटमध्ये वाटला जातो त्याचा वेगळा नॉईज असतो. पिन १ (स्क्रीन) प्लेटला, म्हणजे पिन ६ ला, शंभर ओममधून जोडली की ट्रायोड. प्लेट रेझिस्टर २२० के होता तो १०० के केला. गेन आता २५ च्या आसपास, २८ डीबी.

ईएफ८६ ची एक खोड आहे, तो मायक्रोफोनिक असतो. पेन्सिलनं टिचकी मारली तर स्पीकरमधून टण्ण असा आवाज येतो. मूळ मशीनमध्ये सॉकेट रबरावर तरंगतं बसवलेलं होतं, कारण शेजारीच मोटर थरथरायची. ते रबर वाळून कडक झालेलं, नवीन ग्रोमेट घातले, स्क्रीनिंग कॅन परत लावला. अण्णांच्या खणातले आणि माझ्याकडचे मिळून जेवढे ईएफ८६ होते तेवढे एकेक लावून टिचकी मारून बघितले, सगळ्यात शांत निघाला तो मशीनमध्ये मूळचा होता तोच.

हीटर: फक्त ईएफ८६ ला डीसी दिला. ६.३ एसी शॉटकी ब्रिजमधून, १०,००० मायक्रोफॅरड, आठ व्होल्टच्या जवळ मिळतो, हीटर ०.२ अँप ओढतो म्हणून ८.२ ओमचा रेझिस्टर मधे. बाकीचे एसीवर. एसी वाइंडिंगच्या दोन टोकांना १०० ओमचे दोन रेझिस्टर, त्यांचा मध्य जमिनीला न जोडता ४० व्होल्ट डीसीवर उचलून ठेवला, यानं हीटरमधून कॅथोडमध्ये गळणारी गुणगुण मरते, आणि कॅथोड फॉलोअरचा कॅथोड शंभर व्होल्टच्या आसपास बसतो त्यालाही सोयीचं. डीसी बाजू वेगळी कुठंही अर्थ करायची नाही, ती ब्रिजमधून आपोआप त्याच ४० व्होल्टवर बसते. तिथं दुसरा अर्थ दिला तर रोज डायोड जळतील.

६ जुलै

आषाढी. काम बंद. मंडळाचं भजन पहाटेपासून, मी मागे टाळ घेऊन.

९ जुलै

इनपुट ट्रान्सफॉर्मर आला. जेन्सेनचा जेटी-११५के-ई, एकास दहा, १५० ओमला १५ किलोओम. महाग आहे, या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो करायलाच पाहिजे असं माझं मत. इथं मोटर वाइंडिंग करणारे चांगले कारागीर आहेत, एकाला विचारलं पण, तो म्हणाला एवढी बारीक तार आमच्या मशीनवर तुटते. आणि प्रश्न नुसत्या तारेचा नाही, म्युमेटलची कोअर आणि बाहेरचा म्युमेटलचा डबा कुठून आणणार. हा ट्रान्सफॉर्मर शेजारच्या मेन ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र उचलू लागला की कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही.

सेकंडरीवर १५० के लावलाय. गुणोत्तर १:१० म्हणजे इंपिडन्स शंभरास एक, तर माईकला समोर दीड किलोओम दिसतो. दीडशे-तीनशे ओमच्या डायनॅमिक माईकला योग्य.

गेनचा हिशोब मांडतो: ट्रान्सफॉर्मर २०, ईएफ८६ २८, ईसीसी८३ चा एक अर्धा ३० (कॅथोडचा दीड के बायपास न करता ठेवला की बरोबर एवढाच येतो आणि आवाज पण स्वच्छ), फॉलोअर जवळजवळ शून्य, आउटपुट ट्रान्सफॉर्मर वजा १२. एकूण ६५-६६ डीबी. एसएम५८ माईक ९४ डीबी आवाजाला १.८५ मिलीव्होल्ट देतो. जवळून खड्या आवाजात गाणारा बुवा १०० डीबी धरला तर ३.७ मिलीव्होल्ट, तो लाइन लेव्हलला, म्हणजे १.२३ व्होल्टला न्यायला ५० डीबी पुरे. हातात पंधरा डीबी शिल्लक.

१३ जुलै

पाऊस उघडायला तयार नाही. सोल्डरिंग आयर्नशेजारी ठेवलेला कागद पण दमट. टॅग बोर्डावरचा जुना फ्लक्स ओल धरतो आणि मेगोहमच्या रेझिस्टरपाशी गळती दाखवतो, म्हणून सगळा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून, चाळीस वॉटच्या बल्बखाली वाळवून घेतला.

उद्यमबागेतल्या शीटमेटलवाल्याकडून दोन डबे बनवून घेतले, एक प्रीअँपचा, एक पॉवर सप्लायचा. दोघांमधे मीटरभर केबल. मेन ट्रान्सफॉर्मर लांब गेला की गुणगुणीचा अर्धा प्रश्न संपतो. केबलच्या कनेक्टरमध्ये एक पाळायचं: २६० व्होल्ट ज्या बाजूनं येतो, म्हणजे सप्लायच्या बाजूला, फीमेल पाहिजे, उघड्या पिना नकोत. तीन पिनचा मेन प्लग, अर्थ सप्लायच्या डब्याला बोल्टनं, रंग खरवडून. मूळ मशीनला दोनच पिना होत्या.

प्रीअँपच्या आत अर्थ एका जाड तारेवर क्रमानं, आउटपुटकडून इनपुटकडे, आणि डब्याला फक्त एका जागी, इनपुट एक्सएलआरपाशी (माईकचा तीन पिनचा सॉकेट). एक्सएलआरची पिन १ सरळ डब्याला, सिग्नलच्या अर्थमधून फिरवून नाही.

१९ जुलै

पहिल्यांदा पूर्ण चालू. सिरीज बल्ब, मग सरळ. इनपुटला माईकऐवजी १५० ओमचा रेझिस्टर लावून हेडफोनवर ऐकलं. सूं असा एकसारखा नॉईज, गुणगुण जवळजवळ नाही. जी थोडी होती ती इनपुट ट्रान्सफॉर्मर हातानं फिरवत गेल्यावर एका कोनात एकदम कमी झाली, त्या कोनात पक्का केला. मॅजिक आय पण पेटला, त्याला ईसीसी८३ चा रिकामा राहिलेला दुसरा अर्धा चालवतो.

२४ जुलै

हा शोध मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून नीट लिहितो.

रूम इक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरवर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स बघताना दिसलं की गेनचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचं बटण) पूर्ण वर असला की वरचं टोक छान सपाट, आणि पॉट मधे आणला की १० किलोहर्ट्झला ३ डीबी पडतो. अजून खाली नेला की परत सुधारतो. टाळ तर सगळे तिथंच राहतात वर.

कारण असं. पॉट मूळ मशीनचा, ५०० के. निम्म्या व्होल्टेजच्या जागी पॉट असताना पुढच्या व्हॉल्व्हला १२५ के चा सोर्स दिसतो. ईसीसी८३ च्या प्लेट आणि ग्रिडमधे फक्त १.६ पिकोफॅरड असतो, खरं तो गेननं गुणला जातो, त्याला मिलर इफेक्ट म्हणतात, ३० पट गेनला तो ५० च्या वर जातो, त्यात सॉकेट आणि मूळची शिल्डेड वायर तेवढीच भर घालते. सगळे मिळून सव्वाशे पिकोफॅरड धरा. १२५ के आणि १२५ पिकोफॅरड, हिशोब बरोबर १० किलोहर्ट्झवर येतो. टेप मशीनमध्ये हे कुणाला जाणवलं नसेल कारण पुढे ट्रेबल चढवणारी कॉईल होतीच.

उपाय: पॉट १०० के चा घातला, वायर आखडून बोटभर केली. आता मधल्या जागी २५ के, म्हणजे पडझड ५० किलोहर्ट्झच्या पुढे. ट्रायोड केलेला ईएफ८६ एवढा लोड आरामात ओढतो, पेंटोड असता तर अवघड होतं.

आणि एक गोष्ट याच्यामागून येते. पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा होता. ५०० के ला तो ठीक, १०० के ला तोच ७२ हर्ट्झपासून बेस कापतो. ०.२२ चा घातला, आता ७ हर्ट्झ. एक किंमत बदलली की शेजारच्या दोन तपासायच्या.

२७ जुलै

फँटम ४८ व्होल्ट (कंडेन्सर माईकला त्याच्याच केबलमधून दिलेली वीज), पॅड (सिग्नल मुद्दाम कमी करणारा स्विच), पोलॅरिटी स्विच. फँटमचे ६.८१ के चे दोन रेझिस्टर नुसते एक टक्क्याचे घेऊन थांबलो नाही, वीस घेऊन मीटरवर जुळणारी जोडी निवडली. दोन्ही बाजूंना सारखा करंट गेला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत काही वाहत नाही, फरक पडला तर तेवढा डीसी वाइंडिंगमधून जातो आणि कोअर हळूहळू मॅग्नेटाइज होते, खालचे स्वर मळतात. पॅड २० डीबीचा, पखवाजासाठी.

१ ऑगस्ट

मापं. ३० हर्ट्झ ते १८ किलोहर्ट्झ एक डीबीच्या आत. सगळ्यात जास्त गेन ६५ डीबी. इनपुटला धरलेला नॉईज वजा १२३ डीबीयूच्या जवळ. १५० ओमचा रेझिस्टर स्वतःच वजा १३१ चा नॉईज करतो, त्यापेक्षा खाली कुणालाच जाता येत नाही, त्यामुळे साठ वर्षांच्या व्हॉल्व्हला हे भरपूर चांगलं. एक किलोहर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह दिला, कोपऱ्यावर किंचित उसळी, रिंगिंग नाही.

५ ऑगस्ट

एकादशीचं भजन, गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात. माईक एकच, बुवांच्या आणि पेटीच्या मधे, थोडा वर. चॅनेल एकच असल्यामुळे जागा शोधण्यात वेळ दिला, आणि ते बरंच झालं.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते टाळांचं. माझ्या कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसच्या आतल्या प्रीअँपमध्ये पंधरा टाळ एकत्र पडले की एक टोकदार पत्र्याचा आवाज होतो आणि बुवांचे शब्द त्याच्याखाली जातात. इथं टाळाचा घाव जोरात पडला की तो बोथट होत नाही, खरं बोचत पण नाही, आणि मागून शब्द नीट कळतात. पखवाजाच्या कणकेच्या बाजूचा घुमारा खोल आणि सुटा. बुवांचा आवाज जवळ आल्यासारखा वाटतो. मी हे मोजमापानं सिद्ध करू शकत नाही, रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी ठेवून मंडळातल्या लोकांना ऐकवलं, कुठलं कशावर केलंय ते न सांगता. बहुतेकांनी हेच निवडलं. पेटीवाले काका म्हणाले, "यात माझी काळी चार काळी चारच वाटायलीय, त्यात कुणीतरी नाकात बोलल्यासारखं."

मॅजिक आयचा मोठा उपयोग झाला. हिरव्या पट्ट्या एकमेकींना टेकायच्या आधी हात पॉटवर जातो, सुईच्या मीटरपेक्षा तो झटकन दाखवतो, टाळासारख्या अचानक येणाऱ्या आवाजाला हेच पाहिजे. अंधाऱ्या सभामंडपात लांबून पण दिसतो.

मधे लाईट गेली, इन्व्हर्टर लगेच लागला, आणि त्यावर खर्र असा आवाज इनपुटपर्यंत आला. स्वस्त इन्व्हर्टरचा करंट साइन वेव्ह नसतो, त्याच्या टोकदार कडा सप्लायमधून आत शिरतात. मेन ट्रान्सफॉर्मरच्या आधी एक फिल्टर घालणार, आणि पुढच्या वेळी शुद्ध साइन वेव्हचाच इन्व्हर्टर नेणार.

१० ऑगस्ट

मास्तरांच्या स्पूलमधल्या सगळ्या टेपा उतरून आल्या, डबा आणि पेनड्राइव्ह दोन्ही खानापूरला पोचते केले. बरोबर भजनाचं रेकॉर्डिंग पण दिलं, त्यांनी पहिल्यांदा विचारलं की मॅजिक आय चालतो काय.

दुसऱ्या चॅनेलसाठी तसलंच मशीन शोधायची गरज नाही हे आता कळलंय. जुन्यातून खरोखर उपयोगी पडलं ते ईएफ८६ आणि त्याचं रबरावरचं सॉकेट, मेन ट्रान्सफॉर्मर आणि मॅजिक आय. मेन ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगमध्ये दोन चॅनेलचा करंट आरामात बसतो, ६.३ च्या वाइंडिंगचं मोजून बघायचं. म्हणजे दुसरा चॅनेल त्याच सप्लायवर, ईएफ८६ अण्णांच्या खणातला, टिचकी मारून निवडलेला दोन नंबरचा. इनपुट ट्रान्सफॉर्मरचे पैसे जमले की ऑर्डर. ईसीसी८२ चा दुसरा नग आधीच आहे. तोपर्यंत मेन फिल्टर बसवायचा, आणि दोन्ही ईएफ८६ ना वेगवेगळा डीसी हीटर द्यायचा की एकच मोठा ब्रिज करायचा ते मोजून ठरवायचं. एका ब्रिजवर ०.४ अँप झाला तर रेझिस्टर ४.१ ओमचा लागेल आणि पाव वॉटचा चालणार नाही, अर्ध्या वॉटच्या वर उष्णता होते, ३ वॉटचा घ्यायचा आणि ईएफ८६ पासून लांब.